आयडेलचं सोळावं वर्ष

बाल्टिमोर

प्रिय विल्टन,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू पत्र बाजूला ठेवलं असशील. दिवसभर बस चालवून, हातपाय धुऊन, जेवून मगच उघडलं असशील. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. माझी आई बरी आहे, अजून चर्चमध्ये पुढच्या बाकासाठी भांडते. बातमी एवढीच की, मी पुन्हा आयडेलची गोष्ट लिहायला घेतली आहे. हे वाचून तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला इथून दिसतंय. तरी पुढे वाच.

परवा दारातल्या पांढऱ्या पायऱ्या घासत होते, आणि खालच्या पायरीशी हात थांबला. आपली जनाए तिथेच बसायची, माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. माझ्या केसांत खोचलेली फणी, मांडीवर तेलाची डबी आणि शेजारी दगडाखाली ठेवलेली ताजी लिहिलेली पानं. तिच्या वेण्या घालता घालता मी ती वाचून दाखवायचे. गोष्ट जमली असेल तर पोरीचं डोकं माझ्या हातात अगदी स्थिर राहायचं. नसेल जमली तर कान खाजणार, मान दुखणार, शेजारचं कुत्रं बघायचं असणार. ती हलली की पान फाडायचं, असा आमचा करार होता. आयडेलची सगळी पुस्तकं त्या डोक्याने पास केलेली आहेत, संपादक नंतर आले.

पहिल्या पुस्तकावर प्रकाशकाने आयडेल पाठमोरी काढली होती, आठवतं? काळ्या मुलीचा चेहरा दिसला तर दुकानदार पुस्तक मागच्या फळीवर ढकलतात, असं त्याने मला फार गोड आवाजात समजावलं. जनाएने चित्र पाहिलं आणि विचारलं, "मम्मा, हिला शिक्षा झालीय का? भिंतीकडे तोंड करून का उभी आहे?" मी तिचा प्रश्न जसाच्या तसा त्याला कळवला. दुसऱ्या पुस्तकावर आयडेल सरळ समोर बघत होती, वेण्यांसकट. तू ते पुस्तक बसच्या काचेपाशी उभं करून शहरभर फिरलास. म्हाताऱ्या बायका उतरताना विचारायच्या, ही तुमची का? आणि तू बिनदिक्कत हो म्हणायचास.

तुझीच होती ती. आयडेलला मी जनाएचं सगळं दिलं होतं, रक्तातला सिकल सेलचा आजारसुद्धा. गारव्याने पोरीची हाडं ठणकायला लागायची, म्हणून उन्हाळ्यात सगळी गल्ली बर्फाचा गोळा चोखायची आणि आपली पोर नुसती बघायची. मग एके दिवशी तू गाडीवाल्याच्या मागे लागून बर्फाशिवायचा गोळा करून आणलास. पेल्यात नुसतं लाल सरबत आणि वर मार्शमेलोच्या गोड पांढऱ्या फेसाचा ढीग. बर्फ काय सगळ्यांनाच मिळतो, हा फक्त राजघराण्यासाठी, असं तू तिला सांगितलंस. मी ते पुस्तकात घातलं, आणि तुझं नाव न घालता वाहवा सगळी मी घेतली.

दर पुस्तकात आयडेल जनाएबरोबर एक वर्षाने मोठी व्हायची. आयडेल पंधराची होते ते पुस्तक आलं आणि त्याच हिवाळ्यात जनाए गेली. तिचा सोळावा वाढदिवस तोंडावर आला होता. मातीनंतर चर्चच्या तळघरात बायका तळलेली कोंबडी आग्रहाने वाढत होत्या, आणि तू भरलेलं ताट हातात धरून माझ्यापाशी आलास. "लर्लीन," तू म्हणालास, "पुस्तकात तिला मोठी करू नकोस. जी मुलगी मला बघायला मिळाली नाही, ती लोकांनी बघितलेली मला सोसणार नाही." मी हो म्हटलं. तू त्या दिवशी काहीही मागितलं असतंस तरी मी दिलं असतं. त्यानंतर मी बदकांवर लिहिलं, ढगांवर लिहिलं, पोटापुरतं. आपलं घर मात्र टिकलं नाही. एकमेकांकडे बघितलं की आपण दोघंही तिचं नाक, तिची हनुवटी शोधत बसायचो.

गेल्या आठवड्यात मी वस्तीतल्या वाचनालयात बदकांचं पुस्तक वाचत होते. मागच्या रांगेत कमारिया नावाची मुलगी आईबरोबर बसली होती. मनगटावर अजून इस्पितळाची पट्टी, मांडीवर आयडेलचं शेवटचं पुस्तक, पार झिजलेलं. वाचन संपल्यावर ती उभी राहिली. मलाही आयडेलचाच आजार आहे, मीही पंधराची आहे, म्हणाली. मग विचारलं, "आयडेल सोळाची होते का?" तिच्या आईने मान खाली घातली. विल्टन, मी काय सांगायला हवं होतं? होते, म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "मग ते पुस्तक कुठे आहे?"

पहिलं प्रकरण लिहून झालं आहे. ते खरं उतरलंय की खोटं, मला कळत नाही. सोळा वर्षांची जनाए मीही कुठे पाहिली आहे? आणि वाचून दाखवायला माझ्या हातात आता डोकंच नाही. म्हणून हे पत्र. तुला दिलेला शब्द मी तुझ्यामागे मोडणार नाही. शनिवारी ये. येताना बर्फाशिवायचा गोळा आण. तुला पार टक्कल पडलंय असं आई म्हणते, चालेल. खालच्या पायरीवर बस, मी तुझ्या डोक्यावर नुसता हात ठेवीन आणि वाचीन. तू हललास तर तिथल्या तिथे पान फाडीन, एक शब्द बोलणार नाही, आणि कमारियाला काय सांगायचं ते माझं मी बघेन. पण विल्टन, जमलं तर हलू नकोस.

तुझीच,
लर्लीन