भिंतीतल्या नऊ नळ्या

१२ मे
त्या सकाळी मी बंब पेटवला, दूध तापवलं, मागचं परडं लोटलं — आणि लोटलेलं परत ओलं! ह्यांनी बांधलेल्या भिंतीतून पाणी. म्हटलं, "गळती भिंत बांधलीय तुम्ही." हे हसले आणि फौंड्रीत गेले. तिथनं दवाखान्यात. घरी आलेच नाहीत. अकरा वर्षं झाली.
तीच भिंत आता पोटुशीसारखी पुढं आलीय. वरच्या उताराची सगळी माती तिच्या अंगावर. या पावसात पडली तर न्हाणीघर घेऊन पडेल. लेक क्रांती फोनवर म्हणते, पाडून काँक्रीटची घालू. "पप्पांचं काम कच्चंच होतं, आई."


१४ मे
वाचनालयातून बांधकामाचं पुस्तक आणलं. सातवी शिकलेली मी — मातीतल्या पाण्याच्या दाबाचं प्रकरण तीनदा वाचलं. समजलं! पाण्याला वाट नसली की भिंत पुढं येते. परड्यात जाऊन भिंतीचा गिलावा बोटानं ठोकून बघितला.

१६ मे
कृष्णात गवंडी आला. हातोड्यानं गिलावा उडवला, तर आत लोखंडी नळीचं तोंड! मग दुसरं. एकूण नऊ! फौंड्रीतले तुकडे, सगळे बाहेरच्या अंगाला जरा उतरते. कृष्णात हरखला.
"काकू, बांधणारा डोक्याचा माणूस हाय. पाण्याला वाट ठेवलीय की. ही बुजवली कुठल्या येड्यानं?"
"असंल कुणीतरी गवंडी," म्हटलं.
खोटं. ह्यांच्या वर्षश्राद्धाला पाहुणे येणार, परड्यात चिखल नको, म्हणून गिलावा मीच करून घेतला. समोर उभी राहून. "इथं राहिलंय बघा" म्हणून बोट दाखवून.

१९ मे
पाडायची नाही! फुगलेला भाग तेवढा उतरवायचा आणि त्याच दगडांनी परत चढवायचा. उतरवायच्या आधी प्रत्येक दगडावर खडूनं आकडा मी घातला. एकशे बारा! हात पांढरे, पदर पांढरा. मागं खडी भरा म्हणून पुस्तक उघडून दाखवलं. कृष्णात म्हणाला, पुस्तकानं भिंती उभ्या राहत असत्या तर माझा गवंडी सासरा शाळेत गेला असता. पण खडी भरली — चाळून!

२४ मे
एकशे बारावा दगड बसला. मीच हात लावला. भिंत ओळंब्यात! मी दोनदा मागं सरून बघितली. हे असते तर ह्यांनी तिसऱ्यांदाही बघितली असती.

३१ मे
क्रांतीचा फोन. म्हणाली, चला, पप्पांची चूक एकदाची निस्तरली. मी "हं" म्हटलं. दुपारी जेवण गेलं नाही.

२ जून
काल सकाळी बंब पेटवला, दूध तापवलं, परडं लोटलं. वरच्या मातीत पाण्याचा पाइप सोडून पायरीवर बसले. तासाभरानं पहिल्या नळीतून पाणी आलं. मग दुसऱ्या. क्रांतीला फोन लावला आणि नळ्या मी बुजवल्या होत्या, असं सांगितलं. परडं ओलंच ठेवलं.