तिन्ही भाषांची खुर्ची

वडगाव, बेळगाव
रविवार, ७ डिसेंबर २०२५

सौ. मंगल आक्कास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. आई बरी हाय. आप्पांचा गुडघा जरा दुखतोय, काळजीचं काही न्हाय. थंडी लई पडलीया. तुमच्याकडं सदलग्यात सगळी मजेत असतील.

मी फोन उचलत न्हाय म्हणून तू आईजवळ रागावलीस म्हणं. खरं सांगू? आठवडाभर ऑफिसात फोन कानाला लावून रविवारी परत तो हातात धरवत न्हाय. म्हणून लिहितेय. जयाबाई मावशी साड्यांचं गाठोडं घेऊन तुमच्या गावाला येणार हाईत. तू एकटी असलीस तरच पत्र द्या म्हणून त्यांना सांगितलंय. हसू नको.

ऑफिसचं म्हणशील तर झकास चाललंय. नवीन एसी बसवलाय. दर शनिवारी काम संपल्यावर ‘ताण घालवायचा तास’ असतो. सगळ्यांनी गोल उभं राहायचं, हात वर करायचे आणि मोठमोठ्यांदा हसायचं. जो हसत न्हाय त्याला तुझे थोरले दीर, म्हणजे आमचे नागेंद्र सर, केबिनमध्ये बोलावून घेतात. त्या हसण्यापायी माझी बस चुकते आणि पिरनवाडीच्या स्टॉपवर उभ्या उभ्या मला रडू येतं. आता बोल!

काम काय, तर कुणाचा सोलर गिझर बिघडला की तो आम्हाला फोन करून शिव्या घालतो. बाकीच्या पोरी हुशार. कानडी माणूस तापला की ‘मला कन्नड येत न्हाय’, मराठी तापला की ‘माझी मराठी कच्ची हाय’, आणि फोन माझ्याकडं. मला मेलीला कानडी, मराठी, हिंदी तिन्ही येतात! माझ्या कोपऱ्यातल्या खुर्चीला सगळे ‘तिन्ही भाषांची खुर्ची’च म्हणतात. समोरच्यानं ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा न्हाय. बाथरूमला जायचं तरी ग्रुपवर ‘जाऊ का’ विचारायचं आणि सरांचा होकाराचा अंगठा यायची वाट बघायची. परवा एक गडी माझ्या आईवरनं घाण घाण बोलला. मी ‘धन्यवाद सर’ म्हणाले.

आता सांगूनच टाकते. आप्पांचा गुडघा उगीच दुखत न्हाय. गेल्या आठवड्यात ते विणायला बसायला मागाच्या खड्ड्यात उतरताना घसरून पडले. आई ओरडत आली, “दिपे, आप्पा पडलं गं!” आणि मी जागची उठले न्हाय. म्हणाले, “आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.”

आईनं दंडाला धरून हलवलं. मग मी भानावर आले, धावले. आप्पांना फार लागलं न्हाय. पण आईनं दोन दिवस अबोला धरला, मी चेष्टा केली असं वाटलं तिला. चेष्टा नव्हती गं. दुसरं काही तोंडात आलंच न्हाय. मला माझीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सरांकडं गेले. “अण्णा, मला मोकळं करा,” म्हणाले. ऑफिसात त्यांना अण्णा म्हणायचं न्हाय, तेही विसरले. ते रागावले न्हाईत. हसले, तुला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. “मंगल, तुझी बहीण काम सोडती म्हणती. आमच्या शब्दावर लावलंय तिला. काय करू सांग.”

मी समोरच उभी होते, आक्का. तुला ते ठाऊक नव्हतं.

तू म्हणालीस, “कुठं सोडती अण्णा, लहान हाय अजून. सांभाळून घ्या.”

मी परत जाऊन खुर्चीत बसले. तुझा असा राग आला म्हणून सांगू! मागं तू भांडून माहेरी आलतीस, तेव्हा अण्णांनीच मध्ये पडून तुला परत नेलं. आप्पा अजून त्यांच्यापुढं मान वर करत न्हाईत. मी काम सोडलं तर त्या घरात तुला काय काय ऐकून घ्यावं लागंल, ते मला कळतं. तरी राग आलाच. माझ्या जिवाचं तू कोण ठरवणार?

पण आज सकाळी भाकरी थापताना तुझं बोलणं आठवत बसले, आणि हातातलं पीठ तसंच राहिलं. तू अशी बोलत न्हाईस, आक्का. तू आधी ‘का वो, काय झालं तिला?’ म्हणून विचारलं असतंस. चार प्रश्न विचारून अण्णांना भंडावून सोडलं असतंस. त्या दिवशी एक प्रश्न न्हाय. नुसतं गोड, मोजून मापून. दिवसभर मी तशीच बोलते, कुणीतरी मागनं माझे कॉल ऐकत असतंय म्हणून. तुझ्या शेजारी कोण उभं होतं? दाजी? सासूबाई?

आई सगळ्यांना सांगती, मंगल आता नीट नांदती, शहाणी झाली. मीही कधी उलटून विचारलं न्हाय तुला.

उद्या सोमवार. मी कामाला जाणार. तुझं उत्तर येईपर्यंत जातच राहणार, माझ्यापायी तुझ्यावर कुणाचा ओरडा येऊ देणार न्हाय. माझ्या नोकरीचं राहू दे. तू बरी हाईस का, तेवढंच लिही. मावशींना चहा दे, त्यांचा चहा होईपर्यंत लिहून त्यांच्याच हाती दे. आणि हे बघ, ‘मी बरी हाय’ असं खोटं लिहिलंस तर मला कळंल.

तुझ्यासारखंच गोड बोलायला शिकलेली,
तुझी
दिपाली