डाव्या पायाची शीर आणि सरदारचा कासरा

३ जानेवारी, पहाटे
खोकलो. नुसता खोकलो. डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कुणीतरी तापलेली तार ओढली. भिंत धरून उभा राहिलो. उज्वला म्हणाली, दवाखान्यात दाखवा. बायकोला दुसरं सुचतंच काय!
पुढच्या महिन्यात देवणीला जनावरांचं प्रदर्शन हाय. आमचा वळू सरदार, अंगानं पांढराशुभ्र, दोन्ही गाल काळे, अस्सल देवणी जातीचा. गेल्या साली लोह्याच्या रामलिंगनं पहिला नंबर नेला, वर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नरसिंगराव, जनावर चांगलं हाय, धरणारा कमी पडला." सगळ्यांसमोर. यंदा कासरा माझ्याच हातात, रिंगणात, ताठ मानेनं. पाय दुखो नाहीतर तुटो.

५ जानेवारी
जळकोटहून उदगीर, जीपमध्ये एका कुल्ल्यावर बसून. हाडाच्या डॉक्टरनं एमआरआय बघितला. मणक्यातली गादी सरकली, शीर दबली, सायटिका. ऑपरेशनची गरज नाही, गोळ्या घ्या, फिजिओथेरपी करा. एवढे हाल काढून गेलो ते "व्यायाम करा" ऐकायला! मी काय चौथीत हाय?

६ जानेवारी
फिजिओथेरपीवाली कोण निघावी? खाजाभाई टेलरची अलीझा! सरदारची झूल खाजाभाईच शिवतो. ही पोरगी मी दुकानात चिंध्यांशी खेळताना बघितलीय. आता पांढरा कोट घालून मला म्हणते, चाचा, उपडे पडा. पडलो. नाइलाज.
मग प्रश्न. लघवी-संडासवर कंट्रोल हाय ना? जांघेत बधिर वाटत नाही ना? पायातला जोर गेला का? तसं कधी झालं तर थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. हे उज्वलासमोर! मी जाम भडकलो. ती शांत. म्हणाली, "गुस्सा नंतर करा चाचा, आधी छाती उचला."
कोपरांवर टेकून छाती वर. उताणं पडून एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर, अन् मांडी छातीकडे. खुर्चीत बसून पाय हळूच सरळ, पंजा वर, परत खाली. त्यानं शीर मोकळी होते म्हणे. थोडं थोडं, दिवसातून बऱ्याचदा. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, फार वेळ बसायचं नाही.
मग माणसानं करायचं काय?
संकल्प: हिला आठ दिवसांत बरं होऊन दाखवणे.

९ जानेवारी
विचार केला. दुखतंय म्हणजे आराम पाहिजे. साधी गोष्ट. परवापासून पलंगावरच हाय. उज्वलानं गुपचूप अलीझाला फोन लावला. घरातच फितुरी. अलीझा म्हणते, पडून राहिलं की अंग आखडतं, उठून घरातल्या घरात चाला. आज उठताना आखडलो, पण ते थंडीनं.

१२ जानेवारी
हे उपडं पडून डुलणं म्हाताऱ्यांसाठी. मोबाइलवर एक दणकट माणूस सापडला. म्हणतो पायाचे अंगठे धरा, सायटिका पळून जाईल. धरले. परत वर येता येईना. दाराकडे पाठ करून तसाच उभा. उज्वला सरदारपुढं भुसा-पेंडीचं आंबोण ठेवून आत आली अन् विचारते, काय सांडलं का? हसली पण. मी वाकूनच रागावलो. राग नीट निघत नाही वाकून.
त्या माणसाचा व्हिडिओ डिलीट करता येत नाही. का येत नाही?

१८ जानेवारी
मुकाट्यानं अलीझाचे व्यायाम चालू. पण आज हद्द झाली. पोटरीतलं दुखणं उठून कंबरेत येऊन बसलं! फोन करून झापलं, की पायाचं दुखणं घेऊन आलो होतो, तू कंबरेचं दिलंस. ती खूश! "मुबारक हो चाचा! पायातून वर सरकून राहिलं ना, म्हणजे शीर सुटून राहिली. आता सोडू नका." दुखणाऱ्याला मुबारक! कुठल्या कॉलेजात शिकवतात हे?

२५ जानेवारी
बरा झालो. माझ्या मनाच्या ताकदीनं. व्यायाम बंद. कंबरेला पट्टा बांधून गावात चक्कर मारली, लोकांनी विचारलं वजन उतरलं का. हाव म्हणालो.

२७ जानेवारी
रामलिंग आला. जळकोटला काम होतं म्हणे. काम कसलं, सरदारला बघायचं होतं. नेमकी उज्वला पेंडीचं पोतं ओढून राहिली होती. रामलिंग म्हणाला, वहिनी, तुम्ही? नरसिंगराव बरे हायेत ना? त्या "बरे"वर असा जोर दिला की डोकं फिरलं. झटक्यात वाकलो, पोतं खांद्यावर घेतलं.
पुढचं उद्या लिहितो. बसता येत नाही. पडताही येत नाही.

२९ जानेवारी
दुखणं अंगठ्यापर्यंत. अलीझाला सांगितलं, आपोआप झालं. तिनं विचारलं, पोतं भरलेलं होतं का? मी उज्वलाकडे बघितलं. उज्वला छताच्या पंख्याकडे बघून राहिली होती.
अलीझानं पायातला जोर तपासला. जोर हाय म्हणाली. मग पहिल्यांदा आवाज चढवला: "चाचा, तुम्हाला बैल जिंकवायचाय का रामलिंगचाचाला चिडवायचंय? एक ठरवा. परत असं केलं अन् पंजा उचलेनासा झाला तर माझ्या हातात न्हाई राहणार." खाजाभाईला सांगणार होतो, पोरगी वडीलधाऱ्यांना बोलते म्हणून. पण तो तिलाच डॉक्टरसाब म्हणतो.

८ फेब्रुवारी
अलीझानं चालायला सांगितलंय, सपाट रस्त्यावर. सरदारलाही चालीची प्रॅक्टिस पाहिजे. सिस्टीम बसवली: कासरा उज्वला धरते, मी मागून चालतो अन् कंट्रोल ठेवतो. सरदार तिच्याबरोबर अगदी शिस्तीत चालतो. मागून माझा धाक हाय ना. आज मी मागेच राहिलो, ती दोघं वळणाआड गेली. तरी धाक पोचत असावा.
रिंगणात अर्थात कासरा मी घेणार. ती बाईमाणूस, एवढी गर्दी, घाबरेल.

१४ फेब्रुवारी
काल देवणीत प्रदर्शन झालं. सगळं लिहितो, कारण लोक काहीबाही सांगून राहिलेत.
चूक पाहुण्यांची. भाषण संपेना. अलीझा बापाबरोबर झूल घेऊन आली होती, दोनदा येऊन म्हणाली, चाचा उठा, जरा चाला. पण शेजारच्या खुर्चीत रामलिंग. तो उठेना, म्हणून मी उठलो नाही. सरदारचं नाव पुकारलं तेव्हा उठलो. पाय माझा नव्हताच. तरी कासरा उज्वलाच्या हातातून ओढून घेतला. ती म्हणाली, अहो, राहू द्या ना. मी म्हणालो, गप.
रिंगणात चार पावलं ताठ मानेनं. चार नक्की. मग सरदारनं मान वळवली, हिसका बसला, ती तार पेटली अन् मी गुडघ्यावर. कासरा सुटला. एवढं मोठं जनावर मोकळं, लोक ओरडून पांगायला लागले. मी डोळे मिटून घेतले.
उघडले तर सरदार जागच्या जागी. उज्वला त्याच्या मानेवर हात ठेवून उभी, पदर खोचलेला. एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. म्हणजे परवानगी दिली. तिनं रिंगण धरलं.
अलीझानं कडेला झूल अंथरली. उपडे पडा. एवढ्या लोकांत? "पडा चाचा!" पडलो. पंजा हलतोय, जोर हाय, घाबरू नका, म्हणाली. मग छाती वर, खाली, वर, खाली. वर आलो की सरदारचे पाय दिसायचे अन् शेजारी उज्वलाच्या चपला, एका चालीत. खाली गेलो की माती. मागून एक म्हातारा म्हणाला, बघा, मालक लोटांगण घालून राहिला जनावराला, अशी माया पाहिजे. दोघातिघांनी मला नमस्कार केला. रामलिंगनं स्वतःचा टॉवेल घडी करून माझ्या कोपराखाली घातला. याचा सगळ्यात जास्त राग आला.
पहिला नंबर सरदार. माइकवर विचारलं, कुणाचा वळू? तिनं सांगितलं, उज्वला नरसिंग बिरादार. खणखणीत. घाबरली बिबरली नाही.
टाळ्या मी मातीत तोंड ठेवून ऐकल्या.

२० फेब्रुवारी
फोन वाजून राहिलेत. कुणी निलंग्याहून, कुणी पार नांदेडहून. सगळ्यांना उज्वलाताई पाहिजेत. आंबोणात काय घालता, चाल कशी शिकवली. मी सांगायला लागलो की म्हणतात, ताई नाहीत का जवळ?

२ मार्च, सकाळ
दुखणं परत वर सरकलंय. अंगणात चटईवर व्यायाम करून राहिलो होतो. रागातच. मागून उज्वलाचा आवाज आला, लई मऊ: "हळू, हळू, माझ्या राजा. घाई न्हाई कशाची." एवढ्या वर्षांत ही असं कधी बोलली नव्हती. फितुरी, पंखा, माइक, सगळं मनातल्या मनात माफ केलं. मान वळवून बघितलं.
ती सरदारचं दावं सोडून त्याला पाण्यावर नेऊन राहिली होती.
जाता जाता मला म्हणाली, झाले का हो तुमचे?
झाले म्हणालो. निम्मे राहिले होते.