बेचाळीस शहरांची माई

दि. ४ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तुझा घसा बरा असेल असं धरून चालते, कारण आज त्या घशाबद्दलच लिहायचं आहे.

फोन करत नाही, कारण तुझी आई पडल्यापासून तिची खाट माझ्या पुढच्या खोलीत आहे आणि फोन तिच्या उशाशी. तिच्या देखत बोलण्यासारखं हे नाही. खुब्याचं हाड चांगलं सांधलंय असं डॉक्टर म्हणतात. व्यायाम शिकवायला एक बाई येतात, त्यांना ती हवालदार म्हणते आणि त्या आल्या की झोपेचं सोंग घेते.

तिचा दिवस सकाळी दहाला सुरू होतो. रेडिओवर तुझं गाणं लागायची वेळ. खालच्या इस्त्रीवाल्या बाई आणि समोरचे निवृत्त पोस्टमन दाराशी येऊन उभे राहतात. 'दार लोटून ठेव, माई, मी येते' ही ओळ आली की तुझी आई मान खाली घालून पांघरुणाच्या सुरकुत्या काढत बसते. बेकरीतली पाळी संपवून तू दुपारी यायचीस आणि दोन्ही हात भरलेले असायचे म्हणून ती कडी न लावता बसायची, हे तिनं त्या दोघांना इतक्या वेळा सांगितलंय की आता तेच तिला सांगतात.

सोमवारी गाणं लागलं. 'दार लोटून ठेव' झालं आणि माईच्या जागी आपल्या शहराचं नाव आलं. मागोमाग तुझं हसणं, आणि त्या स्टेशनाचा आकडा. पोस्टमननी टाळ्या वाजवल्या. आपल्या शहराचं नाव गाण्यात आलं म्हणून त्यांची छाती फुगली होती. तुझी आई मला म्हणाली की दोन स्टेशनं एकमेकांत मिसळतायत, जरा रेडिओ फिरवून बघ. मी अर्धा तास तो डबा खिडकीशी फिरवत बसले, कारण तिला सांगायचं काय ते मला सुचेना.

भिंगरे, मला शिसारी आली. एकतीस वर्षं मी नन्सच्या शाळेत गाणं शिकवलं. एकदा एका देणगीदाराचं नाव प्रार्थनेत घालायचा हुकूम आला होता, तेव्हा आमच्या म्हाताऱ्या सिस्टरांनी पियानोला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून त्या बागेला पाणी द्यायला गेल्या. मी त्यांच्या हाताखालची आहे. तेव्हा हे काय आहे ते नीट लिही.

राग आहे तेवढाच लोभही आहे, दोन्हींची पोच दे.

तुझी मावशी


दि. ११ मार्च

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. पत्र उघडल्याबरोबर तुझ्या छडीचा आवाज आला.

यात मिसळलेलं काही नाही, मुद्दाम केलेलं आहे. गाण्याची चाल, वाद्यं, सगळं तेच राहतं. फक्त 'माई' काढून तिथे शहराचं नाव घालायचं, शेवटी स्टेशनाचा आकडा म्हणायचा. बेचाळीस शहरं. भिंतींना फोम लावलेली एक खोली आहे, तिथल्या गालिच्याला ओल्या कुत्र्याचा वास येतो. समोर स्टँडवर यादी, नंबर घातलेली. एकेक नाव सहा वेळा गायचं. लांबलचक नावाचं शहर आलं की सुटलेली बस पकडल्यासारखं धावायचं, आणि दोन अक्षरी आलं की आटलेल्या स्वेटरसारखं ओढून ओढून पुरवायचं. आमचे निर्माते काचेपलीकडे बसतात. त्यांचं खरं नाव राहिलं बाजूला, सगळे त्यांना हसरे म्हणतात. नाव जवळ आलं की ते दोन बोटांनी आपल्या ओठांचे कोपरे ओढून दाखवतात, कारण नावावर माझं हसू ऐकू आलं पाहिजे. गाणं झालं की 'हे माझं सगळ्यांत लाडकं शहर' असं सांगायचं. तेही बेचाळीस वेळा. घरी येऊन मी दात घासते, खरंच सांगते.

पण मावशी, तुमच्या सिस्टर पियानोला कुलूप लावू शकत होत्या. माझं गाणं तीन आठवड्यांत विसरलं गेलं असतं. आता एकोणतीस शहरांत ते पहिल्या नंबरावर आहे. मी परत बेकरीत जाऊन पाव मोजायचे का?

माईला सांग की ही रेडिओवाल्यांची गंमत आहे, मनावर घेऊ नको. यादी संपली की मी येतेच. घरी येऊन दोन वर्षं झाली हे मलाही कळतं. तिला हवालदारांचं ऐकायला लाव.

चिडलीस तरी पत्रं थांबवू नकोस, एवढा लोभ ठेव.

तुझी भिंगरी


दि. २८ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. गुरुवारी दाढ काढायला सिमेंटच्या कारखान्याच्या शहरात गेले होते. दवाखान्यात तुझं गाणं लागलं आणि दार लोटून ठेवायला तू त्या शहराला सांगितलंस. नावनोंदणी करणारी मुलगी सगळ्यांना सांगत होती की ही गायिका इथलीच, हिची सख्खी मावशी इथं मागच्या गल्लीत राहते. सख्खी मावशी तिच्यासमोर तोंडात कापूस कोंबून बसली होती, तिला बोलता येईना. मी दोनदा बेसिनमध्ये थुंकले. डॉक्टरांना वाटलं औषध कडू लागलं.

परत आल्यावर मी तुझ्या आईला सगळं खरं सांगितलं. मला वाटलं रडेल, निदान मला बोलेल. तिनं पोस्टमनकडून नकाशा मागवला. आता रोज ते दोघं बसतात. पोस्टमनना सगळी गावं पाठ, ते बोट ठेवतात आणि ती पेन्सिलीनं टिंब काढते. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाली, एवढ्या लोकांना येते म्हणून सांगितलंय पोरीनं, त्यांचं झाल्याशिवाय ती इथं कशी येणार. टोमणा मारत नव्हती गं. टोमणा असता तर मी तुला लिहिलंही नसतं.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. ती पाऊल टाकत नाही. डॉक्टर म्हणतात हाड चालायला तयार आहे, बाई तयार नाही. आणखी महिनाभर अशीच पडून राहिली तर पायातली ताकद जाईल आणि मग खाट कायमची. मी धरते म्हटलं, काठी आणली, ओरडले. ती म्हणते, उठून जायचंय कुठं?

तुझे हसरे, तुझी यादी, ती ओल्या कुत्र्याची खोली, सगळं एक दिवस राहू दे. एक दिवस ये.

बाकी लोभ तू आल्यावर समोरासमोर.

तुझी मावशी


दि. १९ एप्रिल

ती. मावशीस,

नमस्कार. परवा तुमच्याकडे येऊन गेले, पण निघताना तुझ्याकडे मान वर करून बघितलं नाही, म्हणून हे लिहिते.

तू स्वयंपाकघरात होतीस, तुला अर्धंच कळलं असेल. माईनं गायला सांगितलं. रेडिओ नको, तोंडानं म्हण म्हणाली. इस्त्रीवाल्या बाई हात पुसत आल्या, पोस्टमन खुर्ची घेऊन आले. मी तिच्या खाटेवर बसले, तिचा हात हातात घेतला. पहिलं कडवं नीट झालं. मग 'दार लोटून ठेव' म्हटलं आणि माझ्या तोंडातून खाणींचं शहर बाहेर पडलं. यादीतलं सतरा नंबरचं. ते हसू लावून. आणि मला थांबताही आलं नाही, पुढचा स्टेशनाचा आकडासुद्धा मी म्हणून टाकला.

कुणी हसलं नाही. इस्त्रीवाल्या बाई खाली बघत होत्या. माईनं माझा हात थोपटला आणि म्हणाली, मग जाऊन ये त्यांच्याकडे, वाट बघत असतील. एवढं बोलून ती भिंतीकडे वळली.

बसमध्ये मी तोंडातल्या तोंडात ती ओळ म्हणून बघितली. दर वेळी वेगळं शहर. माई म्हणायचं असं ठरवून ओठ मिटले, तरी उघडल्यावर बंदराचं शहर निघालं. शेजारच्या बाईंना वाटलं मी थांब्यांची नावं पाठ करतेय. रुमालानं ओठ इतके पुसले की सालं निघाली. स्वतःच्या तोंडाची किळस येणं म्हणजे काय हे तुला कळणार नाही, मावशी. तू आपल्या तोंडाकडून कधी खोटं वदवून घेतलं नाहीस.

काल हसऱ्यांनी आणखी अठरा शहरांचा कागद पुढे ठेवला. सहीला तीन आठवडे दिलेत. मी नको म्हटलं तरी चालेल, असंही गोड हसून सांगितलं. माझा आवाज त्यांच्याकडे भरपूर साठलाय, कापून जोडून काहीही म्हणवता येतं. काही नगरपालिकांनाही गाणं दिलंय म्हणाले. कशासाठी ते विचारायचं त्राण नव्हतं.

तिच्याकडे लक्ष दे. माझ्यावर लोभ राहिला असेल तर तोही तिलाच दे.

तुझी भिंगरी


दि. ३ मे

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. नगरपालिकेला गाणं कशासाठी दिलं ते मी सांगते. कचऱ्याच्या गाडीसाठी.

मंगळवारपासून सकाळी साडेसातला नवी गाडी येते, हिरवी, डोक्यावर भोंगा. गल्लीच्या तोंडाशी आली की तू गायला लागतेस. शहरानं दार लोटून ठेवावं, तू येतेस. मग सगळ्या मजल्यांवरून लोक बादल्या घेऊन धावतात आणि आदल्या दिवशीच्या साली, हाडं, लंगोट तुझ्या सुरात ओततात. वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. मंगळवारी मी खिडकी इतक्या जोरात आपटली की काचेला चीर गेली. आयुष्यात पहिल्यांदा नगरपालिकेच्या साहेबांना पत्र लिहिलं, त्यात ज्या शब्दांसाठी मी मुलींना बाकावर उभं केलं असतं असे दोन शब्द आहेत. मुद्दाम ठेवलेत.

तू त्या दिवशी गेल्यापासून तुझ्या आईनं रेडिओ लावलेला नव्हता. नकाशा उशीखाली गेला होता. जेवण दोन घास. मला धास्ती की आता हे गाणं रोज तिच्या कानावर आदळणार.

पण काल शनिवारी सकाळी मी दूध तापवत होते. गाडी आली, तू गायला लागलीस, आणि पुढच्या खोलीत काठी पडल्याचा आवाज झाला. धावत गेले तर तुझी आई खिडकीशी उभी. खाटेपासून खिडकी आठ पावलं आहे, मी नंतर मोजली. गजाला धरून खाली बघत होती. पाय लटपटत होते, पण उभी होती. कचरा भरणारा माणूस वर बघून हात हलवत होता, आणि ही त्याला हात हलवत होती.

मी म्हटलं, अगं ती घाणीची गाडी आहे, तिच्यासाठी कसली उठतेस? तर म्हणाली, ती येते म्हणते आणि येते.

आज पुन्हा उठली. सव्वासातलाच केस विंचरून बसली होती. हवालदार खूश आहेत. मलाही आनंद व्हायला हवा, पाय वाचले. पण त्या गाडीच्या वासानं माझ्या घशाशी जे येतं ते दिवसभर खाली जात नाही, आणि त्यातलं किती गाडीचं आणि किती तुझं, हे मला वेगळं करता येत नाही. तुझा राग करताना मी रडले, हेही लिहून ठेवते, नाहीतर तू म्हणशील मावशी नुसती छडीच.

लोभ मागण्याइतकी मी आज मोठी उरले नाही. तूच बघ.

तुझी मावशी


दि. ७ मे

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. पत्र सकाळी मिळालं. कागद सही न करता परत दिला. हसऱ्यांनी त्यावरही हसून हात मिळवला, तो मी नळाखाली धुतला.

माझ्या जुन्या बेकरीच्या मालकीणबाईंना फोन करून तिथल्या कामाबद्दल विचारलं. सकाळच्या पाळीला माणूस हवाय, तिथं रेडिओ नसतो. एक तारखेपासून. गायचं की नाही ते नंतर बघू. आधी एक शब्द तोंडातून नीट निघायला हवा, आणि तो शिकवायला तुझ्याशिवाय कुणी नाही. अगदी पहिलीतल्या मुलीसारखं बसव.

सामान बांधून झालंय, तिकीट काढलंय. कधीचं ते सांगत नाही आणि 'येते' असंही लिहीत नाही. माईला काही बोलू नकोस. सकाळी गाडीला हात करायला ती खिडकीशी उभी राहील, तेव्हा खाली बादल्यांच्या रांगेत मी दिसले तर दिसले.

पायऱ्या चढून होईपर्यंत तुझा लोभ धरून ठेव.

तुझी भिंगरी