निजवलेला अग्नी

प्रिय तौत्रिमास,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले आहे. बोटं दुखतात, डोळेही लवकर शिणतात. अक्षर वेडंवाकडं आलं तर चालवून घे. इकडे बटाटे काढून झाले. यंदा जंगलात अळंबी खूप आली, पण वेचायला जायचं त्राण नाही. शेजारची स्तासे आणून देते. परवा ती बीटाचं सूप घेऊन आली आणि म्हणाली, "यावर मी क्रूस काढलाय गं, सवयच आहे. चालेल ना तुमच्या देवांना?" बाबा पलंगावरून म्हणाले, "मीठ घातलं असशील तर चालेल." बऱ्याच दिवसांनी आम्ही तिघं हसलो.

तू पाळण्यात होतास तेव्हाची गोष्ट. सोव्हिएत राजवट होती. उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी बाबांनी टेकडीवर अग्नी पेटवला, मी आपल्या जुन्या देवांची गाणी म्हटली, आणि शाळेतली त्यांची नोकरी गेली. चौकशीला आलेला साहेब एकच विचारत राहिला, "यामागे कोणता पक्ष आहे?" बाबा म्हणाले, "ओकाची झाडं आहेत, साहेब. पक्ष नाही." मग कित्येक वर्षं त्यांनी डेअरीत दुधाचे कॅन उचलले. देश स्वतंत्र झाला तेव्हा वाटलं, आता कुणी काही विचारणार नाही. तर आपल्याच संसदेतले लोक विचारू लागले, क्रूस येण्याआधीपासूनचा तुमचा हा अग्नीचा धर्म खरंच धर्म आहे की जुने कपडे घालून नाचणाऱ्यांचं मंडळ? आपल्या पद्धतीनं लावलेली लग्नं कायद्यानं लग्नं ठरावीत, एवढंच तर बाबा मागत होते. अर्ज करता करता त्यांचे केस पिकले.

तू त्या राष्ट्रवाद्यांच्या पक्षात गेलास तेव्हा, खरं सांगते, मला आनंद झाला होता. तू म्हणालास, "आई, संसदेत यांची मतं मिळाली की मान्यता मिळालीच समज. फक्त एकदा पक्षाच्या साहेबांना टेकडीवर बोलावू." ते आले. झेंडे आले, मशाली आल्या, कॅमेरे आले. तुमचे साहेब अग्नीकडे पाठ करून बोलायला उभे राहिले. हा अग्नी आपल्या रक्ताचा आहे म्हणाले, सीमेवरच्या जंगलातून घुसणाऱ्यांना त्याची ऊब मिळणार नाही. तुला ठाऊक नव्हतं, त्याच्या आधीच्याच हिवाळ्यात एक बाई पोराला पोटाशी धरून, नखशिखान्त भिजलेली, त्या जंगलातून आपल्या दारी आली होती. बाबांनी तिला चुलीपाशी बसवलं होतं. तिची भाषा आम्हाला येत नव्हती. पोर झोपलं तेव्हा ती रडली, एवढं कळलं.

बाबांनी भाषण निम्म्यापर्यंत ऐकलं. मग राखेची बादली उचलली आणि मी रोज रात्री चुलीतला विस्तव निजवते तसा, प्रार्थना पुटपुटत, तो सगळा अग्नी झाकून टाकला. साहेब बोलायचे थांबले. तू सगळ्यांदेखत म्हणालास, "बाबा, आयुष्यभराची मेहनत राखेत घातलीत तुम्ही." ते एवढंच म्हणाले, "दमला होता रे तो. निजवला."

पुढचं तुला माहीत आहे. तुमची मतं विरोधात गेली, मान्यता हुकली. आपल्यातल्याच काहींनी तोंडावर सांगितलं की म्हाताऱ्याच्या हट्टापायी सगळं गेलं. निम्मे लोक टेकडीवर यायचे बंद झाले. कधी कधी मलाही वाटतं, थोडं ऐकून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? मग त्या बाईचा चेहरा आठवतो. कोण बरोबर, कोण चूक, याचा विचार करायचंही आता जिवावर येतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बाबांचं हृदय थकलंय. डॉक्टर म्हणाले, घरी घेऊन जा, त्यांना बरं वाटेल. हे मी फक्त तुझ्या फोनवर निरोपात सांगितलं होतं. तू आला नाहीस, पण तुझ्या साहेबांचा फोन आला. टेकडीवर मशालींच्या उजेडात सन्मानानं निरोप देऊ म्हणाले, सगळी व्यवस्था पक्ष करील. माणूस अजून श्वास घेतोय, तौत्रिमास. मी फोन ठेवला. बाबांपासून लपवणं मला जमत नाही, म्हणून सांगितलं. त्यांनी मला उशी उंच करायला सांगितली. मग म्हणाले, "माझ्या कबरीपाशी अग्नी तौत्रिमास पेटवेल." मी म्हटलं, "तो त्या सगळ्यांना घेऊन येईल." ते म्हणाले, "विचार त्याला, एकटा येतोस का." म्हणून विचारते आहे. पक्ष सोड म्हणत नाही, माफी माग म्हणत नाही. एकटा येणार असलास तरच ये, असं मी लिहायला हवं. पण माझ्याच्यानं ते लिहवत नाही. कसाही ये. फक्त त्यांना तुझा आवाज ओळखू येतोय तोवर ये.

तू कुणाच्याही बाजूचा असलास तरी तुझीच,
आई