गेटवरचा बॅनर

रविवार, १ फेब्रुवारी

महिनाभर इथे एक ओळ नाही, चुकलंच. आज आम्ही दोघं किलिमांजारोहून घरी पोचलो, तर पेणकरपाड्यात आमच्या सोसायटीच्या गेटवर बॅनर: ‘शिखर सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ सुधीरचा आणि माझा फोटो, मागे कुठलातरी हिमालय.

पण आम्ही शिखरावर गेलोच नाही. शेवटच्या पहाटे तासाभराची वाट उरली असताना सुधीरचं डोकं ठणकायला लागलं. गाईड म्हणाला, यांना आता खाली न्यायला हवं, तुम्ही हवं तर पुढे जा. मी नवऱ्याबरोबर थांबले. प्रेमाने, की माझेही पाय गेले होते म्हणून? दोन्ही असेल. उतरण्याआधी उगवत्या उन्हात आम्ही खिशातली चिक्की मोडून खाल्ली. सुधीर म्हणाला, "लग्नानंतर पहिल्यांदाच तू मला घाई करत नाहीयेस." इतकं हसलो की धाप लागली.

तो बॅनर मात्र डोक्यातून जाईना. संध्याकाळी सेक्रेटरी कांबळेंना खरं सांगून टाकलं.

"किती राहिलं होतं?"

"तासभर."

"तेवढा वेळ तर आपली लिफ्ट यायला लागतो, वहिनी! राहू द्या की."

"नको हो. येता-जाता मलाच वाचावं लागणार."

"बरं, मग काय लिहू?"

सुधीर मागून म्हणाला, "शिखराखाली चिक्की खाल्ल्याबद्दल."

कांबळे हसत सुटले. मला मात्र ते पटलं. त्यात एक शब्दही खोटा नाही.

उद्या: ‘शिखर सर केल्याबद्दल’वर चिकटवायला पांढरा कागद आणणे.