चहाच्या वेळचं भजन

२२ सप्टेंबर

पुन्हा मीटिंग! जागतिक प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे जगभर एकाच दिवशी प्रभूची भाकर अन् द्राक्षारस घेतात तेव्हा, आमच्या चर्चमध्ये सगळ्या भाषांची एकच उपासना — तेलुगू, मल्याळी, हिंदी, मराठी. गायनाचं सगळं माझ्याच गळ्यात. दिवसभर शाळेत ओरडून घसा बसलेला, त्यात हे.

मी म्हटलं, मराठीकडून आईचं भजन घेऊ. गावी फर्दापूरला जन्मभर ढोलकीवर येशूची भजनं गायली तिनं. सेक्रेटरी तात्यासाहेब ताडकन म्हणाले, "ढोलकी? हे काय देऊळ हाय का?" स्वतः फर्दापूरचेच! त्यांची आई साळूबाई माझ्या आईशेजारी बसून टाळ वाजवायची. साळूबाई आता अंथरुणाला खिळलीय.

शेवटी ठरलं — भजन आशीर्वचनानंतर, उपासना संपल्यावर. म्हणजे चहाच्या वेळी!

२५ सप्टेंबर

आईला सांगितलं. "लोकं चहा पिणार अन् म्या गाऊ? नाय बाई." लई लागलं तिला. भांडायला माझ्या अंगात त्राण नाही.

३० सप्टेंबर

सराव. मल्याळी बायका वेळेवर. आपली माणसं — जाऊ दे.

आई रविवारी येणार. "गायला नाय. भोजन घ्यायला."

५ ऑक्टोबर

तेलुगू गाणं झालं, मल्याळी झालं, छान झालं. मग प्रभुभोजन. इथं त्या वेळी सगळे चिडीचूप. फर्दापूरला उलटं — शेवटच्या माणसाला भाकर मिळेपर्यंत भजन थांबवायचं नाही. आज रांग संपेना. अन् आई सुरू झाली! बाकावर थाप मारत. तिला वाटलं, भजन धरायचं आम्ही विसरलोच! मी खुणावतेय, तर तिचे डोळे मिटलेले.

मग मल्याळी बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. एका तेलुगू आजोबांनीही. पाळकसाहेब भाकर देतच राहिले. तात्यासाहेब मात्र उठून बाहेर गेले.

घरी आई विचारते, "चुकलं का गं माझं?" नाही म्हटलं आणि रडले.

७ ऑक्टोबर

उद्या संध्याकाळी मीटिंगला बोलावलंय. तात्यासाहेब काय काय बोलतील, देव जाणे. गायनाचं काम सोडते म्हणून सांगणार. थकले मी.

८ ऑक्टोबर

साळूबाई गेल्या.

सकाळीच तात्यासाहेब दारात. मीटिंगचं अवाक्षर नाही. आईच्या पायाशी बसले. "मावशी, ढोलकी घेऊन चला. चर्चमधीच गायचं."

आई उठली. मला म्हणाली, "टाळ तू घे."